अवयव सापडेना, तरी संख्या संयुक्त!

पहिल्या वर्षाला 'सी'च्या लॅबमध्ये रिकर्शन आलं की टॉवर ऑफ हनोईचा प्रोग्रॅम सगळ्यांच्याच गळ्यात पडतो. तीन खांब, एका खांबावर लहान-मोठ्या चकत्यांची चळत, एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. तीन चकत्यांना ७ चाली लागतात, चारला १५, पाचला ३१. म्हणजे जितक्या चकत्या, २ चा तितकावा घात, वजा १. ओरल्सला एवढं सांगितलं की सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि आपण हनोई विसरून जातो.

हे कोडं १८८३ मध्ये काढणारा माणूस एदुआर ल्युका नावाचा फ्रेंच गणिती होता. '२ चा घात वजा १' या प्रकारच्या संख्यांनी त्याला त्याच्या बऱ्याच आधीपासून पछाडलेलं होतं. त्यातलीच एक संख्या या लेखाची नायिका आहे. ६७ चकत्या घेतल्या तर लागणाऱ्या चालींची संख्या, २^६७ − १. (^ ही खूण घातासाठी. टायपिंग करणाऱ्या मित्राला छोटा आकडा वर बसवायला सांगितला तर तो म्हणाला, लेख बदल.) पूर्ण लिहिली तर ती अशी दिसते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

२१ अंक. आपल्या 'अनसाइन्ड लाँग लाँग'मध्येसुद्धा न मावणारी.

पुढे जाण्याआधी शब्दांचं सांगतो. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे प्राइम आणि कॉम्पोझिट याशिवाय दुसरे शब्द मला ठाऊक नव्हते. माझा रूममेट मराठी माध्यमाचा. त्याने सांगितलं, प्राइम म्हणजे मूळ संख्या, कॉम्पोझिट म्हणजे संयुक्त संख्या, फॅक्टर म्हणजे अवयव किंवा विभाजक. मला हे शब्द जास्त आवडले. 'मूळ' म्हटलं की जिच्या खाली आणखी काही नाही ती, हे न सांगता कळतं.

तर प्रश्न असा, की २^६७ − १ मूळ आहे की संयुक्त?

घातांक स्वतः संयुक्त असेल तर उत्तर सोपं आहे, आणि आपल्यासारख्यांना तर ते डोळ्यांनी दिसतं. २^६ − १ म्हणजे ६३, बायनरीत १११११११ नव्हे, मोजून सहाच एकं: ११११११. सहा एकांचे तीन-तीनचे दोन गट पाडा, म्हणजे १११ गुणिले १००१, अर्थात ७ × ९. दोन-दोनचे तीन गट पाडा, म्हणजे ११ गुणिले १०१०१, अर्थात ३ × २१. सारखे गट पडले की अवयव पडले. म्हणून २^६४ − १ ही संख्या २० अंकी असूनही बिचारी लगेच फुटते: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. (यातले ६४१ आणि ६७००४१७ हे २^३२ + १ चे तुकडे. ही संख्या मूळ असणार असं फर्माला वाटत होतं, ऑयलरने १७३२ मध्ये ती फोडली.)

पण ६७ ही मूळ संख्या आहे. ६७ एकांचे सारखे गट पडत नाहीत. मग २^६७ − १ मूळच असणार? २, ३, ५, ७ हे घातांक घेतले तर ३, ७, ३१, १२७ येतात आणि सगळ्या मूळ निघतात, त्यामुळे मोह होतो. ११ घेतला की मोह संपतो: २०४७ = २३ × ८९.

मारें मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये एक यादीच छापली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच मूळ संख्या देतात, असं त्याचं म्हणणं. यातले मोठे आकडे त्याने तपासले असणं शक्यच नव्हतं. तरी नाव त्याचंच चिकटलं, आजही या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. यादीत पुढे पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते, ६७ आणि २५७ उगाच घुसले होते.

६७ ची चूक कळली १८७६ मध्ये, ल्युकामुळे. इथून पुढे खरी गंमत आहे. ल्युकाने सांगितलं की २^६७ − १ संयुक्त आहे. कशाने भाग जातो? ते त्याला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे थोडं फसवणुकीसारखं वाटलं. संयुक्त म्हणजे जिला अवयव आहेत ती. अवयव दाखवता येत नसेल तर संयुक्त म्हणायचं कशाच्या जोरावर?

छोटं उदाहरण घेऊ. फर्माचा एक नियम आहे. एखादी विषम संख्या मूळ असेल, तर २ चा (त्या संख्येहून एकाने कमी) इतकावा घात काढून तिने भागला की बाकी १ उरते. ७ घ्या. २^६ = ६४, सातने भागलं की बाकी १. बरोबर. आता ९ घ्या. २^८ = २५६, नऊने भागलं (९ × २८ = २५२) की बाकी ४. बाकी १ आली नाही, म्हणून ९ मूळ नाही. संपलं! यात आपण ३ चं नावसुद्धा घेतलं नाही. ९ कशाने भागली जाते हे न बघता ती संयुक्त आहे हे सिद्ध झालं. मूळ संख्येचा एक गुणधर्म तिच्यात नाही, एवढं पुरलं.

पण हीच कसोटी आपल्या नायिकेला लावली तर ती फसवते. २०४७ वरच पाहा. २^११ = २०४८, म्हणजे २०४७ ने भागून बाकी १. आणि २०४६ म्हणजे ११ × १८६, त्यामुळे २^२०४६ चीही बाकी १ च येणार. संयुक्त असून कसोटी पास! मूळ घातांकाच्या सगळ्याच मर्सेन संख्या दोनच्या या कसोटीला अशा पास होतात. कॉपी करून पास झाल्यासारखं आहे, पेपर त्यांनीच सेट केलेला.

म्हणून ल्युकाने वेगळी कसोटी शोधली. पुढे अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी १९३० च्या दशकात ती सुटसुटीत केली. आज ती अशी सांगतात: ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवा. परत वर्ग, परत वजा २, परत बाकी. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. मधलं काही नाही.

३१ साठी (घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या): ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. मूळ.

२०४७ साठी नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्या शेवटच्या १७३६ कडे जरा टक लावून पाहा. त्यात २३ कुठे आहे? ८९ कुठे आहे? कुठेच नाही. १७३६ एवढंच सांगतो की 'ही फुटते'. कुठे फुटते हे विचारलं तर तो मख्ख. ल्युकाच्या हातातही ६७ च्या बाबतीत असंच काहीतरी मख्ख उत्तर होतं. ६७ ला पायऱ्या ६५ लागतात. प्रत्येकीत २१ अंकी संख्येचा वर्ग आणि मग भागाकार, पण चिकाटीचा माणूस कागदावर ते करू शकतो. अवयव शोधणं हे निराळंच प्रकरण आहे.

ते प्रकरण मिटायला आणखी २७ वर्षं लागली. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा मोठ्या संख्यांच्या अवयवांवर पेपर होता. एरिक टेंपल बेल यांनी नंतर लिहिलेला किस्सा असा: कोल फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता २ चा ६७ वा घात काढला, एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या भागात एक लांबलचक गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं जुळली. खडू ठेवून ते जागेवर जाऊन बसले, टाळ्या झाल्या, प्रश्न कुणीच विचारला नाही. नंतर बेलनी विचारलं, किती वेळ लागला? तर म्हणे, तीन वर्षांचे रविवार. बेल हे गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, त्यामुळे टाळ्या आणि रविवार यांची खात्री मी देणार नाही. गुणाकाराची मात्र देतो:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

पूर्ण गुणाकार करायचा कंटाळा असेल तर आजोबांच्या पद्धतीने नऊचा ताळा पाहा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसरीची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एक गुणिले एक, एक. वरच्या २१ अंकी संख्येची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. ताळा जमला. (ताळा जमला म्हणजे गुणाकार बरोबरच असं नाही, पण चुकला असता तर नक्की चूक. पुन्हा तोच प्रकार! कुठे चुकलं ते ताळा सांगत नाही.)

कोल यांनी १९ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं का? नाही. अशा संख्येचे अवयव कुठेही लपू शकत नाहीत, आणि हा या विषयातला मला सर्वात आवडलेला भाग आहे.

समजा 'अ' ही मूळ संख्या २^६७ − १ ला भागते. २ चे घात एकामागून एक घ्यायचे आणि प्रत्येकाची 'अ'ने भागून बाकी लिहायची. या बाक्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात, ठरावीक पावलांनी परत १ वर येतात. ६७ व्या पावलाला काटा १ वर असतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे एका फेरीची लांबी ६७ ला भागली पाहिजे. ६७ मूळ आहे, म्हणून लांबी १ किंवा ६७. एक असू शकत नाही, कारण मग २ चीच बाकी १ यायला हवी. म्हणून फेरी बरोबर ६७ पावलांची. आता फर्माचा नियम आठवा: (अ − १) व्या पावलालाही काटा १ वरच असतो. म्हणजे अ − १ ला ६७ ने पूर्ण भाग जातो. 'अ' विषम आहे, म्हणून अ − १ सम, म्हणून १३४ नेही भाग जातो. झालं. प्रत्येक मूळ अवयव १३४ ची पट अधिक १ असाच असला पाहिजे.

तपासा. १९,३७,०७,७२० भागिले १३४, बरोबर १४,४५,५८०. बाकी काही नाही. दुसऱ्या अवयवालाही हे लागू पडतं. २०४७ ला २२ ची पट अधिक १: २३ आणि ८९ दोन्ही बसतात.

आणखी एक नियम आहे, अवयवाला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च यायला हवी. सिद्धता मोठी आहे आणि संपादकांनी दिलेली जागा लहान, फर्मालाही हाच त्रास होता. या नियमाने उमेदवार निम्मे होतात. हिशेब केला तर कोलच्या अवयवापर्यंत पोचायला ७,२२,७९० उमेदवार उरतात. एकेका भागाकाराला पाच मिनिटं, दिवसाला आठ तास, सुट्टी नाही, असं धरलं तरी वीस वर्षं! त्यामुळे कोल यांनी वर्गांच्या बाक्यांचा वापर करून उमेदवार आणखी चाळले. तीन वर्षांचे रविवार त्या मानाने स्वस्तच.

आपल्याला मात्र चाळायची गरज नाही. आणि २१ अंकी संख्या साठवायचीही नाही, हे लक्षात आलं तेव्हा मी खूश झालो. प्रत्येक उमेदवार घ्यायचा आणि २^६७ ची त्याने बाकी काढायची. घातांक १, २, ४, ८, १६, ३३, ६७ असा चढवायचा: सहा वेळा वर्ग, शेवटच्या दोन वर्गांनंतर दुप्पट, प्रत्येक पायरीला बाकी. उमेदवार २^२८ पेक्षा लहान आहेत, त्यांचे वर्ग २^५६ च्या आत, साध्या 'लाँग लाँग'मध्ये आरामात बसतात. पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम होतो. एन्टर दाबून चहाचा कप उचलेपर्यंत १९३७०७७२१ स्क्रीनवर. रात्री दीड वाजता मी रूममेटला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "याचा प्लेसमेंटला काय उपयोग?" आणि परत झोपला.

उपयोग आहे बाबा, आणि तो तुझ्या बँक खात्यापर्यंत पोचतो. 'संयुक्त आहे हे कळणं' आणि 'अवयव सापडणं' यांच्यात जी दरी आहे, ती माणसाने १९७७ मध्ये कामाला लावली. एमआयटीच्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी. दोन मोठ्या मूळ संख्या निवडायच्या आणि गुणाकार जगजाहीर करायचा. निरोपाला कुलूप लावायला गुणाकार पुरतो, उघडायला मात्र अवयव लागतात. मूळ संख्या निवडणं झटपट होतं, कारण ल्युकाच्या जातीच्या (त्याच नव्हेत) कसोट्या शेकडो अंकी संख्येलाही क्षणात तपासतात. आणि गुणाकार फोडणं अवघड. दरीच्या एका काठावर आपण, दुसऱ्या काठावर चोर.

दरी किती खोल? १९७७ मध्येच १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून जाहीर झाली होती, ती १९९४ मध्ये इंटरनेटवरून शेकडो स्वयंसेवकांनी मिळून फोडली. याच जातीची २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली. वापरात असते ती साधारण ६१७ अंकी. पण एक गोष्ट आपल्याला फारशी सांगितली जात नाही: अवयव पाडणं अवघडच आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. सोपी रीत अजून कुणाला सापडली नाही, एवढाच आधार. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलंय की पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर ती दरी बुजते. असं यंत्र अजून नाही, तरी ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर अवलंबून नसलेल्या कुलपांची मानकं जाहीरही केली.

दरीचा अलीकडचा काठ मात्र पक्का बांधला गेलाय, तोही कानपूरला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं की कोणतीही संख्या मूळ की संयुक्त हे, अंकांच्या संख्येच्या मानाने आटोक्यात राहणाऱ्या वेळात, नशिबावर न सोडता ठरवता येतं. मर्सेनसारखी खास संख्या असायची गरज नाही. कयाल आणि सक्सेना यांचं बी.टेक. त्याच वर्षी पूर्ण झालं होतं. म्हणजे आपल्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठे! (फायनल इयरच्या प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. मीही तेच घेणार आहे.) आणि गंमत पाहा, त्यांची रीतसुद्धा मोठी संख्या संयुक्त ठरवते तेव्हा सहसा अवयव हातात देत नाही.

हे सगळं जुनं झालं, आता संगणक आहेत, असं वाटत असेल तर ६७ सोडा आणि १२७७ घ्या. १९५२ मध्ये राफेल रॉबिन्सन यांनी अमेरिकेतल्या 'स्वॅक' या संगणकावर ल्युकाची कसोटी २३०० च्या आतल्या घातांकांवर चालवली. १२७७ आणि १२७९ या दोन्ही शेजारी शेजारी बसलेल्या मूळ संख्या. २^१२७९ − १ मूळ निघाली आणि बातमी झाली. २^१२७७ − १ ची बाकी शून्य आली नाही, म्हणजे संयुक्त. ३८५ अंकी. तिचा प्रत्येक मूळ अवयव २५५४ ची पट अधिक १ असाच असणार, हे तुम्ही आता स्वतः सिद्ध करू शकता. तेव्हापासून सत्तरहून जास्त वर्षं झाली, जगभरचे संगणक तिच्या मागे लागले. एकही अवयव सापडलेला नाही.

एवढ्या मोठीच्या नादी लागायच्या आधी सरावाला २^२९ − १ घ्या, म्हणजे ५३,६८,७०,९११. ही कागद-पेन्सिलीनेच करायची. अवयव ५८ ची पट अधिक १, आणि आठने भागून बाकी १ किंवा ७. पट १, २, ३, ४ अशी चढवत जा. मेसची वेळ व्हायच्या आत पहिला अवयव मिळेल. एकूण तीन आहेत, बाकीचे दोन रूम नंबर विचारत या, मी सांगणार नाही.